कागदावरचे जुळे

माझ्यात आणि माझ्या बहिणीत दोन वर्षांचं अंतर आहे. मी मोठा, ती धाकटी. कागदावर मात्र आम्ही जुळे आहोत. दोघांच्याही शाळेच्या दाखल्यावर एक जून ही एकच तारीख आहे आणि वर्षही एकच. ही चूक कुणाची म्हणाल तर निम्मी तिच्या रडण्याची आणि निम्मी आमच्या हेडमास्तरांची.

जळकोट तालुक्यातलं आमचं गाव. वडील अहमदपूरला एका सरकारी कार्यालयात शिपाई होते, रोज एसटीनं जाऊन-येऊन करायचे. मी सहा वर्षांचा झालो तेव्हा त्यांनी एक दिवस रजा टाकली आणि मला शाळेत घालायला घेऊन गेले. बहीण चार वर्षांची होती, ती मागं लागली. शाळेच्या ओट्यावर तिनं असं भोकाड पसरलं की हेडमास्तर बाहेर आले. त्यांना पट भरायचा होता आणि पोरं कमी पडत होती. "हिलाबी टाका की," ते म्हणाले. वडील म्हणाले, चारच वर्षांची हाय. "लिहिणारा मी हाय न्हवं?" म्हणत हेडमास्तरांनी रजिस्टर उघडलं. तेव्हा आमच्याकडं जन्मतारीख विचारली की पोळ्याच्या आदल्या दिवशी, ज्वारी काढायला आली होती तेव्हा, असली उत्तरं यायची, आणि हेडमास्तर सगळ्यांना एक जून देऊन मोकळे व्हायचे. अर्ध्या गावाचा वाढदिवस एक जूनला. माझ्या खाली त्यांनी तिचं नाव लिहिलं आणि वर्ष बदलायचा कंटाळा केला. एका फेरीत दोन्ही लेकरं शाळेला लागली म्हणून वडील संध्याकाळपर्यंत खूश होते.

त्या खुशीची झळ मला दहा वर्षं लागली, कारण बहीण माझ्याच वर्गात होती आणि हुशार होती. माझ्यापेक्षा वीतभर बुटकी पोरगी फळ्यापाशी उभी राहून माझं अडलेलं गणित सोडवायची आणि जागेवर येताना मला वेडावून दाखवायची. दहावीला ती शाळेत पहिली आली. मी पास झालो. बारावीनंतर आईनं तिला तीन वर्षं घरी बसवलं. मग तिनं जेवण सोडलं, हट्ट केला आणि लातूरला राहून डीएड केलं. तोवर मी अहमदपूरला कसंबसं बीए उरकून रिकामा फिरत होतो.

तिचं डीएड झालं त्याच वर्षी वडील गेले. साहेबांना पाणी देऊन स्टुलावर बसले ते उठलेच नाहीत. मी चोवीस वर्षांचा, ती बावीसची.

तेरावं झाल्यावर त्यांच्या कार्यालयातले एक जण घरी आले आणि अनुकंपा म्हणजे काय ते त्यांनी समजावून सांगितलं. नोकरीत असताना माणूस गेला तर घरातल्या एकाला नोकरी मिळते. त्यासाठी यादी असते. यादीत घरातलं एकच नाव लागतं आणि बाकीच्यांनी आमची हरकत नाही असं लिहून द्यायचं असतं. पंचेचाळिशीच्या आत नंबर लागला पाहिजे, हेही ते म्हणाले. पंचेचाळीस हा आकडा आम्हाला तेव्हा हसण्यासारखा वाटला.

कुणाचं नाव लावायचं यावर घरात फारसं बोलणं झालंच नाही. "पोरगी उद्या दुसऱ्याच्या घरला जाईल, नोकरीबी तिच्यासंगं जाईल," आई म्हणाली. बहीण भाकरी थापत होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मी जोत्यावर बसून ऐकत होतो. त्या घरात शिकलेली ती होती, नोकरीची भूक तिला होती, आणि मला नोकरी म्हणजे काय करायचं असतं हेही नीट ठाऊक नव्हतं. मी तोंड उघडायला हवं होतं. मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याबद्दल मला आजवर कुणी एक शब्द बोललेलं नाही, बहिणीनंही नाही.

अहमदपूरच्या कोर्टाबाहेर झाडाखाली टायपिंगवाले बसायचे. आम्ही गेलो त्या दिवशी त्यांच्याकडं ही गर्दी. वकील म्हणाले, हातानं लिहिलं तरी चालतं, कुणाचं अक्षर बरं हाय? अक्षर तिचंच बरं होतं. तिनं मांडीवर पाटीसारखी एक फाईल घेतली आणि स्टॅम्पपेपरवर वळणदार अक्षरात लिहायला लागली की माझ्या भावास नोकरी देण्यास माझी कोणतीही हरकत नाही. मध्येच थांबून तिनं वकिलांना विचारलं, "स्वखुशीनं असं लिहायचं का?"

"ते तर लिहावंच लागतंय," वकील म्हणाले.

तिनं लिहिलं, खाली सही केली, आणि शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घालत बसली. येताना मी तिला उसाचा रस पाजला. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, याचीच आता लाज वाटते.

माझा नंबर होता एकशे सेहेचाळीस. यादी लातूरच्या मोठ्या कार्यालयात लागायची. दर तीन-चार महिन्यांनी मी जायचो आणि बोर्डावरच्या काचेवर बोट ठेवून खालून वर यायचो. तिथं माझ्यासारखेच बरेच जण भेटायचे. बाप गेलेले, नवरा गेलेल्या. ओळख झाली की आम्ही एकमेकांना नंबरानंच हाक मारायचो. एकदा मी शंभराच्या आत आलो तेव्हा मागच्या तिघांनी माझ्याकडून चहा उकळला.

यादीवर पोट भरत नाही, म्हणून दोघंही काम शोधत होतो. लातूरला तेव्हा जिकडं-तिकडं क्लासेस निघत होते. एका क्लासच्या ऑफिसात मी जून ते मार्च फी-पावत्या फाडायचो आणि एप्रिल लागला की घरी. पुढचे दोन महिने डाळमिलमध्ये पोती मोजायला. ती शिक्षक भरतीची परीक्षा देऊन आली आणि दोन मार्कांनी राहिली. पुढच्या वेळी काढते म्हणाली, आणि पुढची वेळ कैक वर्षं आलीच नाही. मग आम्ही दोघं सकाळी पेपर पसरून बसायचो. ती जाहिरातींना पेनानं गोल करायची आणि मी पाकिटं चिकटवायचो.

एकदा एका कंत्राटी कामाची मुलाखत दोघांनी एकाच दिवशी दिली. जागा दोन होत्या. टेबलामागच्या माणसानं दोघांचे अर्ज शेजारी-शेजारी ठेवले, तारखा बघितल्या आणि चष्म्यावरून आमच्याकडं पाहिलं.

"जुळे काय?"

"हाव," मी म्हणालो. खरं सांगत बसलो असतो तर दाखलेच खोटे ठरले असते.

"तोंडं तर अजिबात जुळत न्हाईत."

"अक्कलबी जुळत न्हाई, साहेब," बहीण म्हणाली. "टायपिंगला मला घ्या, त्याला फाईली उचलायला ठेवा."

तो माणूस पोट धरून हसला. आम्हाला वाटलं काम झालं. दोन्ही जागांवर दुसरेच लागले. परत येताना एसटीत ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. झोपली असेल म्हणून मी बोललो नाही. शिरूर ताजबंद आलं तेव्हा बघितलं, तर तिचे डोळे उघडेच होते आणि गळत होते.

पुढं तिचं लग्न झालं आणि ती उदगीरला गेली. दाजी दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर. माणूस चांगला, पण हातावर पोट. तिनं तिथंही शोध सोडला नाही. एका खासगी शाळेत दोन वर्षं शिकवलं, शाळाच बंद पडली. अंगणवाडीसाठी अर्ज केला. शिक्षकांची नवी परीक्षा निघाली तेव्हा पोटुशी असताना लातूरच्या केंद्रावर येऊन ती दिली आणि पासही झाली. प्रमाणपत्र आलं, भरती आली नाही. शेवटी तिनं शिलाई मशीन घेतलं. एवढं होऊनही आमच्या घरात रोजगाराची गोष्ट निघाली की माझ्याच नंबराची निघायची. आई फोनवर आधी विचारायची, "आला का नंबर?" मग विचारायची, जेवलास का.

मी नांदेडला आलो, एका खासगी दवाखान्यात बिलाच्या खिडकीवर. तिथं माझं बस्तान बसलं होतं. सहाव्या वर्षी मॅनेजरनं बोलावून सांगितलं की तुम्हाला कायम करून राहिलो, कागद द्या. आणि मी नाही म्हणालो. कारण यादीतल्या आम्हा लोकांत एक समज होता: यादीत नाव असताना दुसरीकडं कायम झालं की नाव उडतं. कुठं लिहिलंय ते कुणी पाहिलं नव्हतं. कुणाच्या तरी चुलत्याचं उडालं होतं म्हणे. मी एवढा बीए झालेला माणूस, पण एकदाही खिडकीवर जाऊन विचारलं नाही, कारण विचारायला गेलं आणि साहेबाच्या डोक्यात भरलं तर असलेलं नावही जाईल, ही भीती. मॅनेजर म्हणाला, "कामून नको म्हणतायत?" मी म्हणालो, "आमचा सरकारी नंबर लागायलाय." दवाखान्यात मला सगळे 'साहेब' म्हणायला लागले. "काय साहेब, आलं का लेटर?" असं वॉर्डबॉयपासून डॉक्टरपर्यंत. मीही हसायचो. ती कायमची जागा माझ्यानंतर आलेल्या एकाला मिळाली आणि पुढं दवाखाना दुसऱ्यानं घेतला तेव्हा मी आणि माझ्यासारखे तात्पुरते सगळे बाहेर.

त्यानंतर मोबाईलचं दुकान, कुरिअर, एका मंगल कार्यालयाची देखरेख. चाळिशीनंतर मुलाखतीला गेलं की समोर बसलेला आपल्यापेक्षा लहान असतो आणि तो आपल्याला काका म्हणतो. काका म्हटलं की समजायचं, काम मिळणार नाही. तरी मी जायचो. इस्त्रीचा शर्ट घालून, प्लॅस्टिकच्या पिशवीत झेरॉक्स घेऊन, वजिराबादेच्या बाजारात दुकानादुकानांत विचारत. बायको म्हणायची, घरी बसून तरी काय करणार, जाऊन या.

यादी हलायची, मग चार-चार वर्षं हलायचीच नाही. एकसष्टावर मी इतका काळ अडकलो की तो आकडा कुठंही दिसला तरी मी दुसरीकडं बघायचो. आई गेली तेव्हा माझा नंबर अडतीस होता. शेवटच्या आजारात तिला माणसं ओळखू येत नव्हती, पण मी जवळ बसलो की विचारायची, आला का. एकदा मी, आला म्हणालो. तिनं माझा हात धरला आणि झोपली. आयुष्यात मी आईशी बोललेली खोटी गोष्ट एवढी एकच असेल, आणि तीच तिला हवी होती.

गेल्या वर्षी नंबर नऊवर आला. मी पंचेचाळिसाव्यात होतो. अजून वर्ष आहे, वर्षात नऊ माणसं लागणारच, असा हिशेब मी बायकोला, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला, ज्याला-त्याला सांगत होतो. वर्षात पाच लागली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लातूरला गेलो. काचेवर बोट ठेवलं. चौथ्या नंबरावर दुसऱ्याचं नाव होतं. मी खालपर्यंत गेलो, परत वर आलो. मग खिडकीवर गेलो. खिडकीतला कारकून तरुण होता आणि सभ्य होता. त्यानं फाईल काढून बघितली.

"काका, एक जूनला पंचेचाळीस पूर्ण झाले तुमचे. नाव आपोआप निघतंय."

"चौथा नंबर होता हो माझा."

"मला समजतंय. पण वयाचं काही करता येत न्हाई."

मी तिथंच उभा राहिलो. मागून कुणीतरी सरका म्हणालं. एकवीस वर्षांनी पहिल्यांदा खिडकीवर आलोच होतो, म्हणून दवाखान्याचीही गोष्ट विचारून घेतली. तो म्हणाला, खाजगी नोकरीचा आणि यादीचा काय संबंध, काका? मग मला काय वाटलं ते सांगत नाही. माझा चेहरा बघून त्यालाच वाईट वाटलं असावं, कारण तो पुढं वाकून म्हणाला, "आता नाव बदलून मिळतंय. घरातल्या दुसऱ्या वारसाचं लावता येतंय, तुम्ही नाहरकत दिली तर. हाय का कुणी? वयात बसलं पायजे मात्र."

"बहीण हाय," मी म्हणालो. "दोन वर्षांनी धाकटी."

"मग आणा की त्यांना! टीसी, डीएड, सगळं घेऊन या."

मी अक्षरशः पळत स्टँड गाठला. वाटेत पेढे घेतले. उदगीरच्या एसटीत मला बसवेना. अडीच तासांत मी सगळं ठरवून टाकलं: तिला कोणती साडी नेसून रुजू व्हायला सांगायचं, मशीन कुणाला द्यायचं. माझं गेलं ते गेलं, पण ज्याचं होतं त्याला मिळतंय, याचा मला इतका आनंद झाला की शेजारच्या म्हाताऱ्याला मी बळंच एक पेढा दिला. तिचं खरं वय मी जन्मापासून ओळखत होतो. ती पाळण्यात होती तेव्हा मी तिला झोके दिलेत. म्हणून ते दुसरं, कागदावरचं वय मला त्या दिवशी आठवलंच नाही. तासाभरापूर्वी त्याच तारखेनं माझं नाव कापलं गेलं होतं आणि तरी आठवलं नाही.

ती मशीनवर बसली होती. जून म्हणजे शाळेच्या गणवेशाचा सीझन, सगळीकडं निळ्या कापडाचे तुकडे. मी दारातूनच बोलायला सुरुवात केली. नाव गेलं, पण बदलून मिळतंय, तुझं लागतंय, चल उद्याच्या उद्या, मी सही देतो. तिनं मशीनचं चाक हातानं थांबवलं. सगळं ऐकून घेतलं. पेढ्यांचा पुडा हातात घेतला, पण उघडला नाही.

"दादा," ती म्हणाली, "एक जूनला तुला किती पुरे झाले?"

"पंचेचाळीस."

"मग मला किती झाले?"

मी बसलो. खाली निळ्या कापडावरच बसलो. ती आत गेली, पाणी घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवलं. ती काजं करायच्या राहिलेल्या कपड्यांची घडी घालायला लागली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "गेल्या सालीच गेले होते मी तिथं."

त्यांच्या डीएडवाल्यांचा मोबाईलवर ग्रुप आहे. नाव बदलून मिळतं हे तिला तिथं वर्षभरापूर्वीच कळलं होतं. दाजींना न सांगता ती एकटी लातूरला गेली, खिडकीवर विचारलं. त्यांनी सांगितलं, भावाची नाहरकत आणा, वय अजून बसतंय, घाई करा. तिनं नाहरकतीचा कागद टाईप करून घेतला, पर्समध्ये ठेवला आणि माझ्याकडं नांदेडला आली.

ती आली होती. मला आठवलं. सण नाही, वार नाही, अशीच मधल्या वारी दुपारी आली होती, पिशवीत धपाटे घेऊन. का आलीस म्हटलं तर, आठवण आली म्हणाली. दोन तास बसली. मी तिला मोबाईलमध्ये काढलेला यादीचा फोटो दाखवला, बोटानं मोठा करून. नववा नंबर. "आवंदा लागतंयच बघ," मी म्हणालो होतो. तिनं तो फोटो हातात घेऊन नीट बघितला होता. मग मी तिला स्टँडवर सोडलं. एसटीत बसल्यावर ती पर्स उघडत होती, मला वाटलं तिकिटासाठी.

"कागद तेव्हा माझ्याजवळच होता," ती म्हणाली. "घरी आल्यावर त्याच्या पाठीवर गणवेशाची मापं लिहिली."

"मागायची होती ना बाई सही," मी म्हणालो. "कामून मागितली न्हाईस? मी दिली असती की!"

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. लहानपणी माझं गणित चुकलं की ती तसं बघायची, उत्तर सांगायच्या आधी. मी नऊ नंबरावर असताना, हातात वर्ष शिल्लक असताना, एकवीस वर्षं मोजलेली जागा मी तिला दिली असती का, हे मला खरंच माहीत नाही. तिला माहीत होतं, म्हणूनच तिनं विचारलं नव्हतं.